पावणेतीन वर्षांचा थोरला

पेटी जरा खाली घ्या बुवा. हां, तेवढीच राहू द्या. मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई करायची नाही. सांगा बरं — घरात सगळ्यांत लहान कोण?

समोरच्या काकू लगेच म्हणाल्या, धाकटं! काकू, घाई करू नका म्हटलं ना? तुम्ही वय मोजलंत. मी वय विचारलंच नाही. माझा हिशेब असा, की ज्याला सांभाळावं लागतं तो लहान आणि जो सांभाळतो तो मोठा. पटतंय? मग आता खरा प्रश्न ऐका. ज्याला आपणच अजून सांभाळायला हवं, त्याच्याच गळ्यात दुसऱ्याला सांभाळायचं काम घातलं — आणि त्याच्या हातून चुकलं — तर ते पाप कुणाच्या खात्यावर?

घाई नको. बसा. गोष्ट ऐका, मग बोला.

ही पुराणातली नाही हो. गेल्या पौषातली आहे, कऱ्हाडची. हर्षदा नावाची बाई, नवरा विक्रांत. मोठा मुलगा मल्हार, वय वर्षं पावणेतीन. धाकटी अन्वी, पाच महिन्यांची. आता मल्हार हे नाव कुठं चाललं? फक्त आधार कार्डावर! धाकटी जन्मली त्या दिवशी दवाखान्यातच आजीनं त्याला उचललं आणि म्हणाली, "आमचा दादा झाला हो." झालं. तेव्हापासून आजी दादा म्हणते, बाप दादा म्हणतो, आईसुद्धा दादा म्हणते. तुमच्याकडे वेगळं असतं का? नाही ना! धाकटं पाळण्यात आलं की थोरल्याचं नाव कपाटात जातं.

धाकटे आले दारी, घर आनंदाने भरे।
मांडीवरचे मूल परी त्याच दिवशी उतरे॥

तर विक्रांतच्या मनात आलं, पोराला कुठंतरी नेऊ. हायवेला ती मोठी मौजनगरी झाली आहे ना — पाळणे, घसरगुंड्या, तळ्यातल्या होड्या, छोटी आगगाडी. दादाला आगगाडीचं वेड. म्हणून सहल कुणासाठी? दादासाठी. आणि तयारी कुणाची? अन्वीची! दुपटी सात, लंगोट पंधरा, गरम पाण्याचा थर्मास, हिंगाची बाटली, वेखंड, दोन टोपडी, वर एक जादा टोपडं. अहो, लंकेवर स्वारी निघाली तेव्हा वानरसेनेकडे एवढं सामान नव्हतं. हर्षदा बाळाचं आवरत होती आणि तिनं आतूनच सांगितलं, "दादा, तुझे कपडे तूच घाल बरं का. शहाणा आहेस ना?" दादानं घातले. सगळ्यांनी कौतुक केलं.

निघताना सासूबाईंचा फोन. "हर्षदा, गर्दीचं ठिकाण आहे. बाळाचं तोंड उघडं टाकू नको गं. ओढणीखाली धर. कुणाची नजर कशी असेल सांगता येत नाही." हर्षदा शिकलेली, पण सासूबाईंचं बोलणं मनात बसलं. आईच्या मनात भीती घालायला वेळ लागत नाही, मंडळी. भीती तिथं आधीच असते.

फाटकाशी बाबागाड्या भाड्यानं मिळत होत्या. सगळ्या एकसारख्या निळ्या, वर ओढून घ्यायचं छप्पर आणि मागं ढकलायला आडवा दांडा. एक घेतली. अन्वीला त्यात निजवलं, छप्पर पार खाली ओढलं. आणि झाली सहल सुरू!

कसली सहल? पाळण्यापाशी गेले, तर बाळाला भूक. होडीपाशी गेले, तर बाळाचं लंगोट. घसरगुंडीपाशी बाळाला ऊन लागतं. प्रत्येक वेळी, "दादा, थांब हं जरा." दादा थांबला. दुपारचे दोन वाजले, आणि ज्याच्यासाठी सहल काढली तो अजून कशातच बसला नव्हता. शेवटी विक्रांत म्हणाला, "मी आगगाडीच्या रांगेत उभा राहतो. नंबर आला की बोलावतो." आणि तो गेला.

तेवढ्यात अन्वी पुन्हा रडायला लागली. समोरच हिरकणी कक्ष होता, बाळाला अंगावर पाजायची खोली. दारावर पाटी — गाड्या बाहेर ठेवाव्यात. बाहेर पाचसहा निळ्या गाड्या ओळीनं उभ्या. आत बायकांची दाटी, थोरल्याला घेऊन शिरायला जागा नाही. हर्षदानं विक्रांतला फोन लावला. "ये ना इकडे, दादाजवळ उभा राहा."

"दोन मिनिटांत आलो," तो म्हणाला.

नवऱ्याची दोन मिनिटं! हसू नका, तुमची तुम्हाला माहीत आहेत. पण हर्षदानं ती खरी धरली. तिनं दादाचे दोन्ही हात गाडीच्या दांड्यावर ठेवले आणि सांगितलं, "दादा, बाबा आलेच. तोवर दांडा सोडायचा नाही. काही झालं तरी नाही. बाळाला तूच सांभाळायचंस. दादा आहेस ना तू?"

दादानं मान हलवली. त्याच वेळी समोरून अस्वलाचा वेश घेतलेला माणूस नाचत गेला, दादा तिकडे बघायला लागला. आणि हर्षदानं छपराखालून बाळ उचललं, ते थेट ओढणीखाली! छप्पर तसंच खाली. बाळ गाडीतून निघालं हे कुणाच्या नजरेस पडलं नाही, आणि दादाच्याही नाही.

दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं, मंडळी. बाळ प्यायलं, हर्षदा बाहेर आली. ओळीत गाड्या आहेत. दादा नाही.

आधी तिला काही वाटलं नाही. विक्रांत घेऊन गेला असेल. फोन लावला. "दादा आहे ना तुझ्याकडे?"

पलीकडे रांगेचा गोंगाट. मग विक्रांत म्हणाला, "तुझ्याकडे आहे ना?"

बुवा, पेटी थांबवा. या एका वाक्यानं आईचं काय होतं ते पेटीत वाजत नाही.

हर्षदा धावली. कुठं? तळ्याकडे! आईचं पाऊल पहिलं पाण्याकडेच जातं. काठाला लोखंडी कठडा होता, पण खालून लहान मूल सहज सरकेल एवढी फट. ती वाकली, पाण्यात बघितलं. हिरवं पाणी, चिप्सची पाकिटं, होड्यांच्या लाटा. काही दिसेना. आणि काही दिसत नाही म्हणून जीव भांड्यात पडेना, उलट जास्तच घाबरला. ओढणीखाली बाळ रडायला लागलेलं. ती ओरडत सुटली, "दादा, दादा!" तर चांगली मिशीवाली चारपाच माणसं वळून बघायला लागली. तेव्हा तिला कळलं, की हाक मारायला नाव हवं. "मल्हार," तिनं हाक मारली. कितीतरी महिन्यांनी ते नाव तिच्या तोंडात आलं, आणि तिचा आवाज फाटला.

विक्रांत रांग सोडून पळत आला. पहारा करणाऱ्या एक कांबळेबाई होत्या, खाकी साडी, हातात वॉकीटॉकी. त्यांनी हर्षदाला बाकावर बसवलं आणि विचारलं, "ताई, रडू नका. आधी सांगा, लेकराच्या अंगात काय होतं?"

हर्षदा सांगायला गेली —

आठवेना! अन्वीचं विचारा. गुलाबी झबलं, पांढरे मोजे, डाव्या मोज्याला सैल धागा, टोपड्यावर बदकं तीन. सगळं पाठ. आणि थोरल्याच्या अंगात काय होतं? माहीत नाही. विक्रांतकडे बघितलं, तोही खाली बघतोय. कारण सकाळी त्यानं त्याचे कपडे स्वतः घातले होते, आणि आपण नुसतं "शहाणा गं बाई" म्हणून मोकळे झालो. शरमेनं तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"आजचा फोटो असेल की फोनात," कांबळेबाई म्हणाल्या.

होते. सकाळपासून बेचाळीस फोटो. एकेक ती सरकवत गेली. अन्वी झोपलेली. अन्वी जागी. अन्वी जांभई देताना. अन्वीचा पाय. मंडळी, बेचाळीस फोटोंत थोरला एकदा तरी निघावा ना? निघाला. एका फोटोच्या कडेला. पूर्ण नाही, फक्त हात. पिवळी बाही, आणि बाळाच्या गाडीच्या दांड्यावर छोटी मूठ.

कांबळेबाई त्या फोटोकडे बघत राहिल्या. "ताई, तुमची गाडी कुठंय?"

हर्षदा आणि विक्रांत ओळीपाशी पळाले. एक गाडी सोडून प्रत्येकीची बाई तिथंच होती, आणि त्या एकीत दुसऱ्याच कुणाचं खेळणं. यांची गाडी नव्हती. "पोर गाडीबरोबर गेलंय," कांबळेबाई म्हणाल्या. "कुणीतरी गाडी नेली, आणि त्यानं दांडा सोडला नसणार. गाड्या शेवटी फाटकावरच जमा होतात. चला."

आणि तसंच झालं होतं, बरं का! जतकडची एक मोठी गोतावळ्याची सहल आली होती. चाळीस माणसं, लक्झरी बस. त्यातले शिदाप्पा नावाचे पटकेवाले आजोबा. नात आईच्या कडेवर, म्हणून त्यांना आपली रिकामी गाडी फाटकावर परत न्यायची होती. सगळ्या निळ्या. घेतली हाताला लागली ती. तिला धरून एक पिवळ्या सदऱ्याचं पोर चालतंय, ते त्यांना दिसलं का नाही? दिसलं! पण ते म्हणाले, असेल आपल्यापैकीच कुणाचं. चाळीस माणसांत चौदा पोरं, कोण मोजतंय? हातावर चिक्कीसुद्धा ठेवली. भल्या माणसाच्या हातून अशी चूक होते मंडळी, कारण भल्या माणसाला सगळीच पोरं आपली वाटतात.

पण हर्षदाला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत, की फाटकापर्यंत अर्धा मैल आहे, आणि फाटकाबाहेर हायवे. बाहेर बसचे भोंगे वाजताहेत. एखाद्या बसमध्ये बसवलं तर? ती पळत होती, छातीशी बाळ, एक चप्पल कधी पडली कळलं नाही. विठ्ठला, तिला आठवत होते फक्त तिचेच शब्द. काही झालं तरी सोडायचं नाही. ते शब्द परत घ्यावेत असं तिला वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यानं ते पाळलेले असू देत, असंही वाटत होतं.

फाटकाशी गाड्या जमा करायच्या खिडकीपुढे घोळका. शिदाप्पा आजोबा पटका काढून घाम पुसताहेत. "अरे, कुणाचं रे हे लेकरू? सोडंना म्हणतंय गाडी." मधे पिवळा सदरा. दोन्ही हात दांड्याला. खिडकीवरची बाई म्हणत होती, "सोड बाळा, गाडी जमा करायची आहे." आणि तो एकच शब्द बोलत होता, "बाळ आहे." शेवटी त्या बाईनं त्याची समजूत काढावी म्हणून छप्पर वर केलं. "बघ, कुणी नाही आत."

गाडी रिकामी.

त्याच क्षणी हर्षदा पोचली. आता तुम्हाला वाटेल, पोर धावत येऊन आईच्या गळ्यात पडलं असेल. नाही! आईला बघून तो मागं सरला. रडत नव्हता. ओठ पांढरे झालेले. आणि पावणेतीन वर्षांचं ते लेकरू म्हणालं, "आई, मी सोडलं नाही. बाळ हरवलं."

ऐकलंत? मी हरवलो, असं नाही म्हणाला तो. सबंध मौजनगरी ज्याला शोधत होती, त्याला वाटत होतं की गुन्हेगार आपणच.

हर्षदा गुडघ्यांवर बसली. ओढणी बाजूला केली, भर गर्दीत, दहा जणांच्या नजरेसमोर. बाळाचं तोंड उघडं केलं. "हे बघ. माझ्यापाशी होती. मीच नेली होती, तुला न सांगता. चूक माझी आहे, मल्हार."

त्यानं बाळाकडे बघितलं. बोट लावून बघितलं. मग आईकडे बघितलं. हात मात्र अजून दांड्यालाच. बोटं लाल झालेली, तळव्यात चिक्की चिकटलेली. आणि त्यानं हळूच विचारलं, "आई, आता सोडू?"

हर्षदानं बाळ विक्रांतच्या हातात दिलं. एकएक बोट सोडवलं, त्याला उचलून घेतलं, आणि मग ते पोर पोरासारखं रडलं.

आता सांगा काकू. पाप कुणाच्या खात्यावर? शिदाप्पांच्या? सासूबाईंच्या? दोन मिनिटंवाल्याच्या? मी एकाचंही नाव घेत नाही. मी एवढंच म्हणतो, या मंडपात जे थोरले आहेत त्यांनी हात वर करा.

बघा, बघा! त्या खांबाजवळच्या ताई. हात वर करायच्या आधी शेजारच्या धाकट्या बहिणीची पिशवी नीट ठेवली, आणि मग हात वर केला. आणि ते मागचे पांढऱ्या केसांचे बाबा. साठी उलटली असेल. बाबा, तुम्हाला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं ना, तू मोठा आहेस, सांभाळ म्हणून? भावांची लग्नं झाली, बहिणी नांदायला गेल्या, आईबाप गेले. मूठ सुटली का तुमची? डोळे पुसू नका, मला उत्तर मिळालं.

आणि आता तुम्ही, ज्यांच्या घरी आज असा एखादा थोरला आहे. सात वर्षांचा असेल, नाहीतर पावणेतीनचा. इथं येताना धाकट्याला त्याच्याजवळ निजवून आला असाल, "लक्ष ठेव रे" म्हणून. देवाच्या कथेला आलात, पुण्य लागतं. पण ज्याच्या घरी असं लेकरू जागं बसलंय, त्यानं आज आरतीला थांबू नये. उठा. बुवा पेटी हळू वाजवतील, मी वाईट वाटून घेणार नाही. घरी जा, त्याला त्याच्या नावानं हाक मारा, आणि म्हणा, मी आलोय, तू झोप आता.