खापरभर इस्तू

ऐका. आन् गप बसून ऐका. हौशे, तू तर तोंडच उघडू नगंस. सांजच्याला उघडलंस तेवढं पुरं झालं.

हिंदू, लेका, त्या शेण्या उभ्या रच चुलीत. आडव्या न्हाई, उभ्या! असल्या पावसात शेणीचा इंगळ व्हायला येळ लागतो. तेवढा येळ मी बोलणार. इंगळ झाला की उठायचं.

काय झालं ते समद्यांना कळू दे. दिवेलागणीला मी खालच्या गोठ्यात गाईपाशी होते. तवा वरच्या धनगरवाड्यावरचा बिरू आपल्या दारात आला. बायको अडलीया म्हणला. नऊ दीस पाऊस लागलाय, छप्पर गळतंय, चुलीत पाणी साचलंय, काड्याची पेटी सादळलीया. सुईणआईला, म्हंजी मला, धाडा, आन् चूल पेटवायला खापरभर इस्तू द्या, म्हणला. आन् ही माझी सून काय म्हणाली? "आत्याबाई घरात न्हाईत. आन् दिवा लागल्यावर इस्तू भाईर देत न्हाईत, लक्ष्मी जाती. सकाळी या."

सकाळी! अगं, पोटातलं पोर सकाळपतूर खोळंबतं व्हय? शेजारच्या तीन घरांनी बी त्याला तेच सांगितलं. घरोघरी मातीच्या चुली, आन् चारी चुलींवर भाकरी फुगत व्हत्या! मला हे कळतंय कधी? जेवणं झाल्यावर! आग लागो तुमच्या रीतीला.

हां, हिंदू, कळलं मला तुझ्या पोटात काय हाय. रातचं खिंडीतनं जायचं कसं? तितं ती हाय. व्हय, हाय. कोण म्हणतंय न्हाई? पर तुम्ही तिची अर्धीच गोष्ट ऐकलीया. इस्तू मागती आन् माणूस मारती, एवढीच. आज समदी ऐका.

माझ्या लग्नाला साल झालं व्हतं. असाच श्रावण, असाच पाऊस. तुमचा बा, माझा मालक, वरच्या बाजाराला बैल बघायला गेला तो पाच दीस तिकडंच व्हता. परतायच्या दिशी निघता निघता अंधार पडला. वरचे लोक म्हणले, ऱ्हावा, पाव्हणं. पर ऐकतोय कुठला! हातात कंदील, टोपीत काड्याची पेटी, तोंडात इडी, आन् डोक्यावर घोंगड्याची खोळ. निघाला.

खिंडीच्या तोंडाशी आला. तर मागनं आवाज. बाईचा. थकलेला.

"दादा, जरा इस्तू देता का?"

ह्याला वाटलं, हाय कुणीतरी वाटसरू. खोळीच्या आडोशाला पेटी काढली. काडी वढली. फुस्स! इझली. दुसरी वढली. ती बी इझली. वारं न्हाई बरं का! काडी पेटायची, ज्योत त्या आवाजाकडं झुकायची, आन् कुणी चिमटीत धरल्यागत इझायची. असं करत पेटी रिकामी झाली.

"न्हाई व्हय देत?" आवाज म्हणला.

आता मातर ह्याला घाम फुटला. कंदील वर केला. तर कंदिलातली वात बी वाकडी! काचंच्या आत, आवाजाकडं तोंड करून. काचंला हात लावला तर गारढोण. जळत्या कंदिलाची काच गार! ऐकलंय कधी? आन् कंदील बी गेला.

काळाकुट्ट अंधार. वरनं पाऊस. आन् मग, ऐका, मग समोरच्या उतारावर एक चूल दिसली. लालबुंद. शेजारी दुसरी. मग दहा, मग ईस. आख्खी वाडीच्या वाडी सैपाकाला बसल्यागत! भाकरीचा वास बी आला म्हणं. हा धावला. पहिल्या चुलीपाशी पोचला तर तीन दगडं आन् वल्ली राख. दुसऱ्या चुलीपाशी गेला. तीन दगडं, वल्ली राख. तिसरी, चौथी. दर बारीला पुढची चूल जळतीया आन् जवळ गेलं की इझलेली. आन् दर बारीला मागनं ती, "दादा, माझ्या लेकीला थंडी भरलीया."

फिरून फिरून पाय फुटले. सातव्या चुलीपाशी हा मटकन खाली बसला. तिथल्या राखंत ह्याच्याच पायाचा ठसा व्हता!

रडतीस कशाला, हौशे? अजून लई हाय.

मग ती समोर आली. आधी हात दिसले. दोन्ही हातात खापर. रिकामं. त्यात नुसतं पावसाचं पाणी. मग लुगडं, मग तोंड. आन् ह्यानं वळखलं! धनगराची ठकूबाई! दर महिन्याला तूप घेऊन आपल्याच दारात यायची ती ठकूबाई. अजून आठ दीस झाले नव्हते, तिनं ह्याला ताक पाजलं व्हतं.

"ठकूबाई, तू? हितं?"

"तुमच्या दाराला आले व्हते," ती म्हणली. "पोरगी बाळंत झाली, शेकायला इस्तू न्हाई. सात दारं फिरले. एकानं न्हाई दिला. आता माझा मीच घेते."

आन् पेटलं की! भर पावसात रान पेटलं! वल्लं गवत, वल्ली झुडपं, पाणी वाहतंय तो खडक सुदिक पेटला. म्होरं आग, मागं आग. पाऊस आगीवर पडतोय आन् आग इझंना, त्याल वतल्यागत वाढतीया. ह्याच्या घोंगड्यानं पेट घेतला. भुवया जळल्या. तुम्ही बघितल्यात ना त्याच्या भुवया? मरंस्तवर पुन्ना उगवल्या न्हाईत.

पळायला जागा न्हाई. आन् तवा ह्याच्या ध्यानात आलं, तोंडातली इडी अजून जित्ती हाय! दातात घट्ट आवळलेली. टोकाला मोहरीएवढा लाल ठिपका. ह्यानं गुडघ्यावर बसून खापरातलं पाणी उपडं केलं. कोपरीच्या आतला सुक्या कापडाचा धडपा फाडून त्यात घातला, वर इडी ठेवली, आन् दोन्ही हातांचा आडोसा करून फुंकर घातली. एक. दोन. तीन. धडप्यानं धूर धरला. मग लाल झाला.

"घे, बाई," हा म्हणला. "घेऊन जा लेकीला."

तिनं खापर पदराखाली घेतलं. असं, पोर घेतल्यागत. आन् समदी आग गप झाली. एकदम! नुसता पाऊस. आन् हा उठला तो ठेचकाळत, पडत, पळतच घरला आला.

दारात पाय ठेवल्या ठेवल्या पहिला सवाल, "ठकूबाईला कुणी इस्तू नाकारला?"

तिला मरून तवा चार दीस झाले व्हते, त्याला ठावं नव्हतं. खिंडीत घावली ती, हातात खापर घेऊन. वर झोपडीत लेक आन् नात, दोघी गारठून गेलेल्या.

कुणी नाकारला, विचारताय? माझ्या सासूनं. ह्याच घरात. आन् मी कुठं व्हते? ह्याच चुलीपाशी! चिमट्यात इंगळ धरला व्हता मी. लाल, ह्यो येवढा. ठकूबाई उंबऱ्यापाशी खापर पुढं करून उभी. दोन पावलं, दोन! सासू म्हणली, "ठेव खाली. दिवा लागलाय." आन् मी ठेवला. माझ्या हातानं ठेवला. रीत म्हणं, रीत! लक्ष्मी जाती म्हणं! तीन बायामाणसं गेली ती कुणाची लक्ष्मी व्हती?

तवापास्नं सुईणपण शिकले मी. ह्या हातानं दोनशे पोरं जगात आणली, तरी ह्यो हात मला अजून चालत न्हाई. तुझा राग येतो, हौशे, पर माझा त्याहून जास्त येतो.

बघा, झाला इंगळ. हिंदू, कंदील घे, घोंगडी घे, वाळल्या शेण्या पोत्यात भर. खापरात खाली राख घाला, मग इंगळ, वर पुन्ना राख. हौशे, खापर तू धरायचं. व्हय, तूच. नीट धर, सांडंल.

त्या वाटंनं रातचं जाऊ नये म्हणतात. खरं हाय. मी बी सांगते, त्या वाटंनं रिकाम्या हातानं कधी जाऊ नका. खिंडीत ती ईल. मागंल. मागितलं की एक इंगळ काढून द्यायचा, तोंडातनं शबुद न काढता. बाकीचा बिरूच्या घरचा.

चला. आन् मागं ऱ्हाणाऱ्यांनो, दार लावू नगा. चूल बी झाकू नगा. आमच्या माघारी कुणी मागायला आलं तर?