कुणीही चालेल

नाही वहिनी, रविवारची प्रार्थना मीच चालवणार. पाळी माझी आहे, सभा माझ्या घरी आहे, खुर्च्या मी शेजारून सांगून ठेवल्यात — आणि विनंत्या घेताना कुणाचं नाव घ्यायचं, कुणाचं नाही, हे चालवणारा ठरवतो. हा नियम तुमचाच. घ्या ना चहा. कप तेवढा सांभाळून, जोडीतला आहे.

मिसरोदहून साकेत नगरपर्यंत भर दुपारी ऑटो करून आलात, म्हणजे अडचण मोठीच. सिंधूवहिनी माझ्या घरी एकट्या येत नाहीत, बरोबर दोन बायका आणि एक गाणं घेऊन येतात. तर तुमची ऋचा सासरहून परत आलीय, कायमची, आणि हे सभेत निघू नये. का बरं? आपण मूठभर मराठी ख्रिस्ती कुटुंबं, देवळातली उपासना हिंदीत, म्हणून रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी मराठीत जमतो — एकमेकांची ओझी देवापुढे ठेवायला. हेही तुमचंच वाक्य. हेमंतची नोकरी गेली ते आपल्याला प्रार्थनेतच कळलं. अश्विनीच्या पोटातली गाठ तिच्या सासूला प्रार्थनेतच कळली. मग ऋचाचंच ओझं घरी का ठेवायचं? जड आहे म्हणून?

माझं नव्हतं का जड? दर रविवारी, न चुकता — “आमची भगिनी कमलिनी, प्रभू, तिला योग्य जोडीदार दे.” आधी आजारी, मग परीक्षावाले, मग मी. सरकारी कचेरीत जन्म घालवला, अर्ज धूळ खात पडलेले पाहिले, पण अर्जदाराने न केलेला अर्ज दर आठवड्याला पुढे सरकवणारी बाई तुमच्याशिवाय पाहिली नाही. मी केला होता का तो अर्ज? — केला असेल सुरुवातीला. आई होती तोवर. पुढे एक दिवस लक्षात आलं की सकाळी पवित्र शास्त्र उघडून बसते, डोळे मिटते आणि मागत काहीच नाही. नुसती बसते. जसं कुणी घरचं माणूस समोर असावं आणि बोलायची गरज नसावी, तसं. ताप आला की पाणी द्यायला कुणी नसतं, ते खरं, ते मी नाकारत नाही — पण त्या तापातसुद्धा मी एकटी नव्हते, हे तुम्हाला कसं सांगू? तुम्ही म्हणाल बिचारी मनाची समजूत घालते. म्हणालाच होतात. सोमवार ते शनिवार मी संतोषाचा एकेक टाका घालावा आणि रविवारी संध्याकाळी तुम्ही डोळे मिटून सगळी शिवण उसवावी. वरून आमेन मलाच म्हणायला लावायचात.

हसू नका. हसत नाही? मग ठीक.

अच्युतराव आठवतात? कसे आठवतील. इटारसीहून बदलून आलेले, गोविंदपुऱ्यात कारखान्यात होते. आपल्या सभेला येऊ लागले. एकदा म्हणाले, तुमचा सूर लागतो तेव्हा बाकीचे गप्प बसले तर बरं होईल. मला कुणी असलं काही बोललं नव्हतं. पुढच्या रविवारी ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आपणहून. आणि तुम्ही डोळे मिटलेत, हात वर केलेत — “प्रभू, कमलिनीची पस्तिशी उलटली, आता आमची काही अट नाही, आता कुणीही चालेल.”

कुणीही चालेल.

डोळे सगळ्यांचे मिटलेले, दोघांचेच उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कुठल्या पुरुषाला ‘कुणीही’ व्हायला आवडेल, वहिनी? आमेन झाल्यावर चिवड्यालाही थांबले नाहीत. हेल्मेट उचललं आणि गेले. पुन्हा आले नाहीत, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? “प्रभूची इच्छा.” माझी अशी काही फार इच्छा होती असं नाही हं. मी समाधानीच होते. आहे. कप तेवढे घेऊन ठेवले होते न्यू मार्केटमधून, दोन, बशांसकट — ते असू दे. कुठून निघालं हे.

तर ऋचा. परवा आली होती. इथेच बसली, तुमच्याच खुर्चीवर. तुम्हाला माहीत नाही? खिचडी खाल्ली पोटभर आणि म्हणाली, “कमलिनीमावशी, तुमच्याकडे ना, सुकून आहे. मी पण अशीच राहिले तर?” — अहो, सांडला. राहू दे, मी पुसते. आत्ता कळलं मला तुमची भीती. लोकांना कळेल ही नव्हेच. मुलगी कमलिनी होईल, ही भीती! मी काय म्हटलं तिला? सोपं नाही म्हटलं. ताप सांगितला, पाणी सांगितलं. मग म्हटलं, राहा.

माझी अट एकच. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि तो अर्ज मागे घ्यायचा. “कमलिनीसाठी मी जे मागितलं, ते तिला न विचारता मागितलं.” एवढंच. ऋचाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. नाहीतर माझ्याकडेही वाक्य तयार आहे — “प्रभू, आमच्या ऋचाला पुन्हा जोडीदार दे, आता कुणीही...” हां. ऐकवत नाही ना? माझ्या आईने ऐकलंय, तेव्हा होती ती.

हे काय? डोळे का मिटताय? नाही, इथे नाही, माझ्या घरात नाही. तुमचे डोळे मिटले की माझं नुकसान होतं. उघडा. उघडा म्हणते ना! देवाला मागाहून सांगा, वहिनी. आधी मला सांगा. माझ्याकडे बघून.

...नाही जमत?

बरं. ऑटोवाला कधीचा हॉर्न देतोय, निघा. रविवारी या. काय होईल? ते कसं सांगू — प्रभूची इच्छा. तो कप ठेवा खाली. जोडीतला आहे म्हटलं ना.