शून्याच्या दोन्ही बाजूंना

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आमच्या प्राचार्या हर्षला मॅडम, प्रमुख पाहुणे, संस्थेचे कार्यवाह अकरमसाहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती रोहिदास सर, सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी मिस्बाह, सरांची विद्यार्थिनी. तीन वर्षं त्यांच्याबरोबर इथे बारावीला गणित शिकवते आहे. सरांविषयी बोलण्याआधी एक दुरुस्ती करू द्या. तुमच्या हातातल्या गौरव अंकात, अकराव्या पानावर, मी लिहिलंय की वाडीवरच्या वनिताने गणित झेपेना म्हणून गेल्या वर्षी कॉलेज सोडलं आणि सर तिच्यासाठी हळहळले. हळहळले हे खरं. बाकीचं चूक आहे.

घडलं ते असं. चाचणीत प्रश्न होता, एक्सच्या चौथ्या घाताचा. शून्यापाशी त्या वक्राचा ढाळ शून्य होतो. तिथे माथा आहे की तळ? सेकंड डेरिव्हेटिव्ह, म्हणजे ढाळ किती बदलतो ते, काढलं तर तेही शून्यच येतं. तसं आलं की ना माथा, ना तळ, असं मी वर्गात सांगून ठेवलं होतं. वनिताने माझं ऐकलं नाही. तिने शून्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा ढाळ काढला आणि लिहिलं, 'तळ'. मी लाल फुली मारली.

ती पेपर घेऊन टेबलाशी आली. "मॅडम, हिकडं उतार हाय, तिकडं चढ हाय. पानी वतलं तर मधीच ऱ्हाईल ना?"

मी म्हणाले, "वनिता, हा गणिताचा तास आहे गं, पाणी भरायचा नाही."

वर्ग हसला. पेपर टेबलावर ठेवून ती गेली, ती पुन्हा आली नाही.

माझे अब्बा मोहोपाड्याला कारखान्यात होते. शाळेआधी त्यांनीच मला घरी भागाकार शिकवला. ताळा केल्याशिवाय पाटी पुसू देत नसत. अजून मी दाराचं कुलूप तीनदा ओढून बघते. मग तो एकच पेपर मी दुसऱ्यांदा का पाहिला नाही? उत्तर मला माहीत आहे. ते इथे सांगायची लाज वाटते.

गेल्या मंगळवारी आमचं सामायिक कपाट रिकामं करताना सरांना तो पेपर सापडला. रागावले नाहीत. "ताळा कर गं," एवढंच म्हणाले. मी केला. तळच होता. सेकंड डेरिव्हेटिव्ह शून्य आलं की त्यावरून काहीच ठरत नाही, दोन्ही बाजूंना जाऊन बघावं लागतं. हे सरांनी मलाही शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर कुंभिवलीला गेले. वनिता तिथे एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिने पेपर हातातसुद्धा घेतला नाही. "सर, मॅडमनी फुली मारलीय. मंग चूकच आसल."

परत येऊन सर मला म्हणाले, "माझं तिला पटत नाही, तुझं पटतं. फुली तुझी आहे, तूच खोड."

सर, आज आम्ही तुम्हाला शाल दिली, श्रीफळ दिलं. तुम्हाला जे हवं होतं, ते मात्र आजपर्यंत देता आलं नाही.

वनितासाठी बारावीची एक जागा शनिवारपर्यंत राखून ठेवल्याबद्दल प्राचार्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. अकरावं पान मात्र घालू नका.

वनिताला गुरुवारी सुट्टी असते. येत्या गुरुवारी, तीन जुलैला, सकाळी नऊ वाजता मी तो पेपर घेऊन तिच्या वाडीवर जाणार आहे.