बाबांच्या वेळी पिसू नव्हती

...आणि वर मलाच विचारतात, "घरात न धुतलेलं असं एखादं कापड आहे का?" आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाचा अख्खा जन्म लोकांच्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवण्यात गेला, ज्याच्या घराचा पुढचा अर्धा भाग दुकान आणि मागचा अर्धा भाग दुकानात न मावलेलं सामान, त्याला हा प्रश्न विचारायचा? पण त्या जनावरांच्या डॉक्टरबाई, चष्मा नाकाच्या टोकावर, माझ्या मांजराचा ओठ वर करून हिरड्या बघतात नि म्हणतात, "फिक्या पडल्यात. पिसवा रक्त पितायत याचं. म्हातारं मांजर आहे, फार दिवस सोसणार नाही. खरं सांगा, काय धुतलं नाही?" आणि मी, तुम्हाला सांगतो, पंचावन्न वर्षांचा बाप्या, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा वर पंख्याकडे बघून म्हणालो, "सगळं धुतलंय."

खोटं बोललो हो! साफ खोटं बोललो!

त्याचं काय आहे, हे मांजर मुळात माझं नाहीच. बाबांचं. तेरा वर्षांपूर्वी एक दिवस वीतभर पिल्लू दुकानात शिरलं, ओळीने मांडलेल्या सगळ्या खुर्च्यांवर एकेक करून चढलं, प्रत्येकीवर दोन-दोन गिरक्या घेतल्या, एकही पसंत केली नाही आणि थेट जाऊन बाबांच्या स्वतःच्या खुर्चीत बसलं. बाबा म्हणाले, "घ्या, आलं गिऱ्हाईक! सगळा माल उलटापालटा करायचा आणि घ्यायचं काहीच नाही!" झालं, तेच नाव पडलं. गिऱ्हाईक! पुढे दोनच वर्षांत बाबा गेले. मागे गिऱ्हाईक राहिलं, खुर्ची राहिली आणि खुर्चीवरचं हिरवं कापड राहिलं. बाबांनी स्वतःच्या हाताने चढवलेलं शेवटचं कापड. हात टेकायचे तिथे पांढुरकं झालेलं, डोकं टेकायचे तिथे केसांच्या तेलाचा गोल डाग. अकरा वर्षं झाली, लोकांच्या हजार खुर्च्या मी सोलल्या असतील, त्या खुर्चीच्या एका खिळ्याला हात लावला नाही. धुणं तर सोडाच, मी त्यावर ओलं फडकंसुद्धा फिरवू दिलं नाही कुणाला.

आणि पिसवा? अहो, बाबांच्या वेळी या घरात पिसू म्हणून नव्हती!

काय माणूस होता! संध्याकाळी दुकानाचं दार ओढलं की खुर्चीत बसणार, मांडीवर गिऱ्हाईक घेणार आणि बारीक दातांच्या फणीने त्याचे केस विंचरणार. तासभर! शेजारी स्टुलावर साबणाच्या पाण्याची वाटी. मी विचारायचो, "बाबा, ही वाटी कशाला?" म्हणायचे, "हात धुवायला." त्याच्या आधी दोन मांजरं होती, त्यांचेही असेच लाड. एवढे लाड माझे नाही केले कधी! आणि स्वच्छता? आईला, मला, पुढे माझ्या बायको-पोरीलासुद्धा मध्येच कधीतरी चार दिवस आत्याकडे पाठवून द्यायचे. "जा, हवापालट होईल. मी येत नाही, दुकान आहे." आम्ही परत यावं तर घर लख्ख! चादरी, अभ्रे, पडदे, सगळं दोरीवर. फरशीच्या फटी सुरीने कोरून साफ केलेल्या. स्वतः दमून खुर्चीत आडवे, आणि खुर्चीला कधीकधी नवं कोरं कापड! आई म्हणायची, "एकट्याला सोडलं की यांना काय होतं कोण जाणे." मी म्हणायचो, "आवड असते गं एकेकाला!"

तर यंदा काय झालं, गिऱ्हाईक खाजवायला लागलं. आधी मान, मग शेपटीच्या बुडाशी, मग बसल्या बसल्या एकदम उडी मारून स्वतःच्याच पाठीला चावायचं. मग आमची ही पोटऱ्या खाजवायला लागली. मग एक बाई कापडाचे नमुने बघायला आल्या, पाच मिनिटांत तीनदा घोटा खाजवला आणि "यजमानांना विचारून सांगते" म्हणून गेल्या त्या गेल्याच! ही म्हणाली, "मांजराला पिसवा झाल्यात." मी म्हटलं, "शक्य नाही! बाबांच्या वेळी..." ती म्हणाली, "बाबांचं राहू द्या, खाली बघा, तुमच्या पायमोज्यावर उडी मारतेय ती काय बडीशेप आहे?"

आता आमच्या शेजारी चाव्या बनवणारा आहे. जगात असं कुठलं संकट नाही ज्यावर त्याच्याकडे उपाय नाही. लगेच पिसवांच्या औषधाची एक नळी घेऊन हजर! "अरे, डॉक्टर कशाला? माझ्या कुत्र्याचं उरलंय हे. अर्धं टाक. मांजर म्हणजे काय, लहान कुत्राच की!" मला पटलं! खरं सांगतो, पटलं! नळीचं टोपण काढलं होतं मी! तेवढ्यात हिने हात धरला, "आधी विचारा कुणाला तरी." म्हणून नळी खिशात, गिऱ्हाईक टोपलीत, आणि स्वारी डॉक्टरबाईंकडे. ती नळी बघितल्याबरोबर बाई उभ्याच राहिल्या हो! "हे टाकलंत याच्यावर?" नाही म्हटलं. "नक्की नाही?" नक्की नाही. तेव्हा कुठे खाली बसल्या. "कुत्र्यांच्या काही औषधांत जे असतं ना, ते मांजराला विष आहे. अर्धं नाही, एक थेंबही नाही. झटके येतात, जीव जातो." मलाही मग खुर्ची लागली बसायला. "आणि घरगुती काही? रॉकेल?" नाही. "फिनेल?" नाही हो. "निलगिरीचं तेल?" म्हटलं, "ते... मनात होतं." म्हणाल्या, "मनातच ठेवा!"

मग त्यांनी गिऱ्हाईकाला विंचरलं, काळा भुगा पडला तो पांढऱ्या कागदावर घेतला, वर पाण्याचा थेंब टाकला, आणि बघता बघता भुग्याभोवती तांबूस डाग पसरला. "ही पिसवांची घाण. म्हणजे याचंच रक्त." मग वजन केलं, वजनाच्या मापाचं, मांजराचंच औषध काढलं, मानेमागे केस बाजूला करून थेट कातडीवर टाकलं. "इथे का, तर इथे त्याची जीभ पोचत नाही. महिन्याने पुन्हा. एकही चुकवायचं नाही. आणि रोज बारीक दातांची फणी फिरवा, शेजारी साबणाचं पाणी ठेवा, पिसू सापडली की त्यात बुडवा." म्हटलं, "अहो, आमचे बाबा अगदी असंच करायचे!" म्हणाल्या, "मग त्यांना माहीत होतं." म्हटलं, "काय माहीत होतं? लाड होते ते! बाबांच्या वेळी पिसू नव्हती!" बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

शेवटी म्हणतात, "मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकी सगळ्या घरात. अंडी, अळ्या, कोश. ते झोपतं तिथलं सगळं कडक पाण्यात धुवा, रोज व्हॅक्यूम फिरवा, फटीफटीतून, आणि आतला कचरा लगेच घराबाहेर. तीन महिने धीर धरा."

धुतलं! ही आणि मी, दोघांनी मिळून अख्खं घर धुतलं. पाणी तापवून तापवून हात लाल. व्हॅक्यूमच्या आवाजाने चाव्यावाला दोनदा भांडायला आला, त्यालाही बसवून कुत्र्याच्या नळीबद्दल ऐकवलं. आठ दिवस शांत. नवव्या दिवशी पुन्हा खाजवाखाजवी! दुसऱ्या महिन्याचं औषध टाकलं, पुन्हा तेच. आणि गिऱ्हाईक वाळत चाललं. खाणं कमी, उन्हात नुसतं पडून. म्हणून पुन्हा डॉक्टरबाई, म्हणून तो प्रश्न, म्हणून तो पंखा, म्हणून ते खोटं.

घरी आलो. ही ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण नुसती त्या हिरव्या खुर्चीकडे बघून आत गेली. मी टोपली उघडली. गिऱ्हाईक बाहेर आलं, सवयीने खुर्चीपाशी गेलं, पुढचे दोन पाय वर ठेवले... आणि थांबलं. चढवेना त्याला. तेरा वर्षांत जे मांजर एका उडीत जायचं, ते तिथे उभं राहून मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. मी उचललं. हातात काही वजनच लागलं नाही हो! आणि खुर्चीत ठेवता ठेवता माझ्या लक्षात आलं की मी काय करतोय. बाबांचं कापड वाचवायला मी बाबांचं मांजर मारतोय. रडूच आलं मला. लाज कसली, आलं!

त्याला हिच्या मांडीवर दिलं. पक्कड घेतली, हातोडी घेतली आणि खुर्ची उलटी केली.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो, बाहेर कुणाला माहीत नसते. खुर्ची उघडली की आतल्या लाकडावर पेन्सिलीने लिहून ठेवायचं, कधी उघडली, का उघडली. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. बाबांनीच शिकवलं मला. लोकांच्या खुर्च्यांत काय काय वाचलंय मी! "बसक मोडली. जावई वजनदार." असलं! तर बाबांच्या खुर्चीचं हिरवं कापड निघालं, खालचा काथ्या निघाला, आणि लाकडावर बाबांचं अक्षर. वर्षं घातलेली, एकाखाली एक तीन ओळी.

पहिली, मी शाळेत होतो तेव्हाची. "कापड बदलले. पिसवा."

दुसरी, माझं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची. "पुन्हा पिसवा. मांजर दुसरे. सगळ्यांना बहिणीकडे पाठवले आहे, उद्या येतील, घाई."

आणि तिसरी, तेरा वर्षांपूर्वीची. "गिऱ्हाईक आले, पिसवा घेऊन आले. हिरवे कापड, उरलेल्या तुकड्याचे. पोराला रंग आवडला नाही."

आवडला नव्हता! एकदम आठवलं मला! आत्याकडून परत आलो होतो आणि दारातच म्हणालो होतो, "शी बाबा, हा काय शेवाळ्याचा रंग आणलात!" आणि ते दमलेले, पाण्याने हात सुरकुतलेले, हसून म्हणाले होते, "सवय होईल." ते कापड मी अकरा वर्षं छातीशी धरून बसलो होतो! बाबांच्या वेळी पिसू नव्हती असं नाही हो... बाबांच्या वेळी बाबा होते. पिसवांचं ते बघायचे आणि आम्ही आत्याकडे जाऊन लाडू खायचो.

काथ्या फेकला. सांगाडा घासला, फटी सुरीने कोरल्या. हिरवं कापड कडक पाण्यात घातलं. तेलाचा डाग गेला... जाऊ दे. त्याचा एक तुकडा गिऱ्हाईकाच्या टोपलीत शिवून घातलाय, दर आठवड्याला धुतो. खुर्चीला नवं कापड चढवलं, पण आधी तिसऱ्या ओळीखाली चौथी लिहिली. "कापड बदलले. पिसवा. मांजर तेच." डॉक्टरबाईंकडे जाऊन खरं सांगितलं. म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुम्ही पंख्याकडे बघत होतात आणि पंखा बंद होता." गिऱ्हाईकाच्या हिरड्या आता गुलाबी झाल्यात. खुर्चीत एका उडीत जातं. औषध महिन्याच्या महिन्याला, फणी रोज, वाटी स्टुलावर.

आणि परवा पोरगी आली, नोकरीला लांब असते, चार दिवसांची सुट्टी काढून. बसली नव्या कापडाच्या खुर्चीत. तीन महिने पुरे व्हायला आठवडा बाकी, डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या, एखाददुसरा कोश उशिरा फुटतो... फुटला! पोरीने घोटा खाजवला, खाली बघितलं आणि किंचाळली, "शी बाबा! पिसू? आम्ही लहान होतो तेव्हा या घरात पिसू म्हणून नव्हती!"

काय सांगणार? म्हटलं, "नव्हती बाळ. तू असं कर, चार दिवस आत्याआजीकडे जाऊन ये. हवापालट होईल. मी येत नाही... दुकान आहे."