गुणाबाईची माहेरची मोळी

न्हाय न्हाय, शरदराव, ती पेन्सील आधी खाली ठेवा! गूळ खावा, पानी प्या, पायाच्या जळवा काढा... आन मग ऐका. जांबोटीत बस सोडून पाच मैल चिखल तुडवत आलासा, शिकलेलं मानूस, आमच्या गावाचा अभ्यास कराय. करा की! पर तुमी काय पयले न्हाय. गेल्या धा वर्सांत ह्याच घोंगड्यावर सात अभ्यासवाले बसून गेल्यात. सगळ्या गावात माझाच सोपा गळत न्हाय, ह्योच माझा गुन्हा! कोन बी भिजून आलं की पाटील बोट दावतोय, "भरमूआप्पाकडं जावा, त्यास्नी समदं म्हाईत हाय." मला काय म्हाईत असनार वो? माझं मला वय म्हाईत न्हाय! पर पावना दारात आला, गूळ-पानी झालं, आन त्यानं काय इचारलं की "म्हाईत न्हाय" म्हनायचं? तोंड पडतंय वो त्यांचं. पावन्याला मोकळ्या हातानं कसं धाडायचं, सांगा की!

पयला आला त्यो पितळेचा चिमटा घेऊन. डोस्की मोजायचा, नाकं मोजायचा. माझं नाक धरून म्हनतोय, "तुमच्या आजोबांचं नाक असंच होतं का?" आवं, आजा मेला तवा माझा बाप रांगत व्हता! पर मानूस पुन्यास्नं आलेला... म्हनलं, "ह्याच्यापरास बोटभर लांब." लिवलं त्यानं! मग जाळी घेऊन फुलपाखरं धरनारा आला. "पावसाळ्यात ही कुठं जातात?" म्हनलं, "गोव्याला." त्यानं बी लिवलं! एक आला आमचं बोलनं ऐकाय. "ताटाला काय म्हणता?" ताटच म्हनतो की! तर उपाशी ठेवल्यागत बगाय लागला. तवा त्याला चार शब्द हितंच बसून घडवून दिलं. एकजन घराघरात शिरून गाडगी मोजून गेला, फुटकी येगळी. आन एकाला शेळी बी तोंड लावत न्हाय असला पाला पोटदुखीवर म्हनून सांगितला... तर पुढच्या साली दुसरा आला, त्यो पुस्तकात वाचूनच! हितल्या पान्यानं त्याचं पोट बिगडलं, त्यानं मूठभर चावून खाल्ला, आन तीन दिस लोटा खाली ठेवला न्हाय. जाताना मलाच म्हनतोय, "औषध जालीम आहे हो!"

हसा, हसा. मी बी हसत व्हतो.

मग आलं श्रीपादराव. देवाधर्माचा, चालीरीतींचा अभ्यास. लई मऊ मानूस, शरदराव, आवाज सुदिक चडवायचं न्हाईत. ती वरच्या अंगाला देवाची राई दिसतीया न्हवं? तिकडं बगून म्हनलं, "आजोबा, त्या राईत कोणी जातं का?" मी म्हनलं, जातंय की, समदं गाव जातंय. लाकडं तितली, गवत तितलं, हिरडा तितला. देवाला नारळ ठेवायचा, मोळी बांधायची, घरला यायचं. तर त्यांची पेन्सील थांबली. "एवढंच?" म्हनत्यात. आन तोंड असं पडलं, असं पडलं... मला बगवंना वो! तीन दिस मानूस पावसात थांबलेला. पावन्याला मोकळ्या हातानं कसं धाडायचं?

म्हनलं, "तसं न्हवं... खरं सांगू का? सात पिढ्या कुनी आत पाय ठेवला न्हाय. शिरला की आंधळा, पान तोडलं की रक्त वकतोय." काय उजळलं तोंड! पेन्सील पळाय लागली... आन तेवढ्यात आमची गुणाबाई, माझी बायको वो, राईतनंच आली! डोस्कीवर ही मोळी! श्रीपादराव इचारत्यात, "या कुठून आणतात लाकडं?" आता काय सांगू? तोंडातनं निघालं, "माहेरास्नं."

पावना गेल्यावर गुणाबाई कमरंवर हात ठिवून हुबी. "मला माहेरास्नं लाकडं कवापास्नं याय लागली वो? साडी-चोळी तरी कवा आली व्हती?" लई हसलो त्या दिशी दोघं.

दोन सालांनी सरकारनं राईला खांब रोवलं. यल्लाप्पा गार्ड बसला, हातात काठी, "अज्जा, बरबेडा, आत यायचं न्हाय!" आमी समदी खानापूरच्या कचेरीत. म्हनलं, साहेब, आमचं लाकूड, आमचं गवत, आमची वाट हाय ती! साहेबानं श्रीपादरावांचं पुस्तक काढलं आन वाचलं, "या राईत गावकरी पाऊल टाकत नाहीत. जळण बायका माहेराहून आणतात, ही येथील लक्षणीय रूढी होय. माहितगार, भरमू, विश्वासू वृद्ध." आन म्हनतोय, "मग तुमचं गेलं काय?"

गाव माझ्याकडं बगाय लागलं. मी म्हनलं, "साहेब, मी खोटं बोललतो." "तेव्हा, की आत्ता?" "तवा!" "पुरावा?" पुरावा काय देऊ? वाट दावाय गेलो तर एका पावसात वाट मिटली वो. गुडघाभर रान. आमच्या जन्माचं येनं-जानं, एका पावसात न्हाय झालं.

मग काय... गुणाबाई खरंच माहेरला जाय लागली लाकडाला. तिचा भाऊ भावकू, दोन कोस लांब, त्याच्या बांधावरचं वाळकं. साठीची बाई. आई-बाप कवाच गेल्यालं. भावजय दारातनं म्हनायची, "आलासा व्हय, वन्सं, परत?" मी थट्टा केलती, ती तिला रोज डोस्कीवर वाहून आनाय लागली. आवंदा आखाडात मोळीसकट घसरली. गुडघा गेला. ती बगा आत, चुलीम्होरं बसलीया. आता मोळी मी आनतोय. भांडली असती तर बरं वाटलं असतं. बोलतच न्हाय माझ्यासंगं. आन मला तिच्याकडं बगाय लाज वाटतीया, शरदराव.

गेल्या सोमवारी पुन्ना गेलतो कचेरीत. साहेब म्हनला, "छापील आहे ते मी खोटं कसं धरू? तुमचं म्हणणं कुठं छापून आलं तर आणा, बघू." म्हनून म्हनलं पेन्सील खाली ठेवा, आधी ऐका! आता घ्या. घ्या हातात. लिवा, भरमू खोटं बोलला. आमी समदी राईत रोज जात व्हतो. माहेरची मोळी असली काय चाल न्हाय, कवा बी न्हवती.

लिवा की.

...का वो? पेन्सील का थांबली?

कशाचा अभ्यास कराय आलासा म्हनला? त्या पुस्तकातलं वाचून? माहेरच्या मोळीचाच? दोन वर्सं त्याच्यावरच काम चाललंय? अस्सं... म्हंजे चालच न्हाय म्हनल्यावर तुमचं समदं... पावसात पाच मैल... बरं, पर हे खरं बी लिवून न्या की, ते बी... एवढंच काय म्हनता, एवढंच हाय!

असं तोंड पाडू नगा वो. अगं, आनखी एक खडा आन गुळाचा... न्हाय उठत ती. मीच देतो.

...बरं. लिवा. सात पिढ्यांपास्नं हाय ती चाल. आन हां, अनवानीच जायचं असतंय. ते बी लिवा.