गाद्यांचा सेल इथं नाही

— नाही हो, गाद्यांचा सेल इथं नाही. होता, याच हॉलमध्ये होता, पण दोन वर्षांपूर्वी. बघू तो कागद... हां. 'आज शेवटचा दिवस.' बरोबर आहे, सेलवाले तारीख कधी छापतच नाहीत, त्यांचा शेवटचा दिवस रोजच असतो. आता उलटा करा बरं कागद. करा की. वाचा. 'कमी पैशात पोटभर — हॉस्पिटलच्या आसपासची खाण्याची फेरी. सकाळी अकरा, हॉलच्या पायरीपाशी. अनुभवी वाटाड्या सोबत.' तो अनुभवी वाटाड्या म्हणजे मी. आणि हा कागद छापणारा गाढवही मीच. काय आहे, उभी हयात छापखान्यात गेली, आणि छापखान्यातल्या माणसाला पाठकोरा कागद फेकवत नाही. उरलेले गठ्ठे घरी आणून ठेवायची सवय. म्हटलं, नवा कागद कशाला आणायचा, मागची बाजू कोरी आहे की! आता हा तुम्हाला मिळाला कुठं? हॉस्पिटलच्या जिन्यापाशी? फळ्यावर लावलेला? वा! म्हणजे लावणाऱ्यानं रंगीत बाजू पुढं ठेवली. त्याची तरी काय चूक — एका बाजूला गुलाबी गादीवर हसणारी बाई, दुसऱ्या बाजूला माझी काळी अक्षरं. तरीच. तरीच मी साडेदहापासून इथं उभा आहे आणि चिटपाखरू नाही. तीस माणसं येतील म्हणून माझ्या दोस्ताला, लिफ्टवाल्याला, छातीठोक सांगून आलोय!

हसा, हसा. तुम्हाला गादी कशाला हवी होती पण? नवा संसार? नाही? एकट्यापुरती, पातळ, गुंडाळून ठेवता येईल अशी? मग नव्या संसाराचं नाही हे प्रकरण, जुन्या संसारातून बाहेर काढलेलं दिसतंय! अहो गंमत करतोय, तोंड पाडू नका. काय म्हणालात? इथं जवळ स्वस्तात काही खायला मिळेल का? — साहेब, गादी नाही मिळाली, पण माणूस अगदी बरोबर भेटला. चला. दोन वाजेपर्यंत मोकळे आहात ना? मग झालं. तीस नाही तर एक. एका माणसालासुद्धा वाटाड्या लागतोच. — नाही नाही, तिकिटाचं राहू द्या... अहो, तुम्ही गाद्यांसाठी आलेले, तुमच्याकडून कसलं... बरं. दिलंत तर घेतो. पण आधीच सांगतो, परत मागायचं नाही, ते माझ्या खिशात जाणार नाही. माझ्या दोस्ताच्या खोलीचं आहे. सांगतो, चालता चालता सांगतो. घड्याळ काय बघताय, अकराच वाजलेत.

इथून डावीकडे. ही बेकरी. पुढच्या दारानं जायचं नाही, पुढच्या दारानं पैसेवाले जातात. मागं या. ही खिडकी दिसते? आत सँडविचसाठी पावाच्या कडा कापतात. त्या कडा अकरा वाजता या खिडकीतून विकतात, पिशवीच्या पिशवी. — ताई, दोन पिशव्या द्या, आणि आमच्याकडे असं बघू नका, आज पाहुणा आहे सोबत. — घ्या. खा. गरम आहेत अजून. काय साहेब, दोन तुकडे खाल्ले आणि बाकीची पिशवी सरळ झोळीत? वा वा! मीच चिकट समजत होतो स्वतःला, तुम्ही तर माझ्याही वरताण निघालात. झोळीत आणखी काय आहे? थर्मास? आणि डबा? म्हणजे घरून डबा आणून वर बाहेर स्वस्तात खाणार! तुम्ही माझ्या फेरीचे वाटाडे व्हा, मी तिकीट काढतो.

आता रस्ता ओलांडा, सांभाळून. ही ड्रायव्हर लोकांची खाणावळ. एक नियम सांगतो — जिथं खाण्याची यादी छापलेली असते तिथं जायचं नाही. छापखान्यातला माणूस सांगतोय, ऐका. छापलेला भाव खाली येत नाही. फळ्यावर खडूनं लिहिलेला असला की पुसता येतो. दुसरा नियम — बाराला नाही, पावणेबाराला यायचं. ताटात भाजी जास्त पडते, कारण पातेलं अजून भरलेलं असतं आणि वाढणाऱ्याचं डोकं शांत असतं. तिसरा नियम, बसायचं स्वयंपाकघराच्या दारापाशी. — बसा. नको, तिकडे तोंड करून का बसताय? मोरी दिसते तिकडून. या बाजूला... बरं, बसा तसेच. खिडकीतून काय दिसतं एवढं? हॉस्पिटलच ना? मला नाही बघायचं ते. मी पाठ करून बसतो. नेहमी याच खुर्चीवर बसतो मी.

डाळ-भात, बटाट्याची भाजी. मागितली तर डाळ परत मिळते, फक्त वाटी हातातून खाली ठेवायची नाही. ठेवली की जेवण संपलं समजतात. हे सगळं कुठं शिकलो विचारताय? असंच. फिरता फिरता. चार महिने या भागात येणं-जाणं होतं. लोक म्हणतात, म्हातारा कवडीचुंबक आहे. म्हणू देत. तर खोलीचं सांगत होतो. माझा दोस्त या हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचा. आता लिफ्ट आपली आपण चालते, बटण दाबलं की झालं. त्याला घरी पाठवलं गेल्या वर्षी. पण तो घरी बसणाऱ्यातला नाही. सगळी नोकरी त्यानं पेशंटची माणसं जिन्याखाली झोपलेली बघितली. चपला उशाला घेऊन. बाकीच्यांना सवय झाली, याला नाही झाली. तो हात धुऊन लागला अधीक्षकबाईंच्या मागं, की तळमजल्यावरचं जुनं भांडार द्या, त्यात आठ खाटा टाकतो. बाई म्हणाल्या, बघू. तो म्हणाला, बघू नका, द्या. शेवटी दिलं, पण अटीवर. आज चार वाजता त्या येणार बघायला. खोली वापरात दिसली तर तुमची, रिकामी दिसली तर त्यात ऑक्सिजनची नळकांडी ठेवायची. खाटा आहेत — भंगारातून आणल्या, त्यानं स्वतः रंगवल्या, आठही हिरव्या. गाद्या नाहीत. आजच्या फेरीच्या तिकिटांतून दुपारी गाद्या आणायच्या होत्या. आता कळलं तुम्हाला? गाद्यांसाठी फेरी, आणि फेरीचा कागद गाद्यांच्या सेलच्या पाठीवर! लिफ्टवाल्याला हे सांगायचं कोणत्या तोंडानं, तेवढं सुचवा मला.

जेवा ना. भात तसाच आहे. डोळे मिटतायत तुमचे. माझ्या बोलण्यानं झोप येते, मान्य आहे. बायकोही म्हणायची — तुम्ही बोलायला लागलात की गोळी घ्यावी लागत नाही. वाटी खाली ठेवलीत! आता नाही मिळायची डाळ. चला, चहा राहिलाय.

या बोळातून. हे हॉस्पिटलच्या मागचं कँटीन. बाहेरच्यांना देत नाहीत म्हणतात, पण देतात. बाहेरच्या बाकावर बसू. आत नको... आत मी येत नाही. असंच. चहा इथला पाणचट, पण गरम असतो आणि किती वेळ बसलात तरी कुणी उठवत नाही. हा बाक बघा, या टोकाला जरा खोलगट झालाय. मीच बसून बसून केलाय तो. हो, चार महिने. येणं-जाणं म्हणालो ना, ते हेच. ती वर होती. चौथ्या मजल्यावर. अकरा ते दोन माणसांना बाहेर काढायचे, डॉक्टरांची फेरी असायची. मग मी पावाच्या कडा, डाळ-भात, चहा, आणि दोनला परत लिफ्टपाशी. लिफ्टवाल्यानं चार महिन्यांत कधी माझं नाव विचारलं नाही. मी आत गेलो की चार दाबायचा. एकही शब्द नाही. मी म्हणायचो, शिष्ट आहे मेला.

मग ती गेली. सकाळी गेली. मी तिची पिशवी घेऊन खाली निघालो, आत तिच्या चपला, चष्मा. खाली सगळी जमलेली — माझे भाऊ, तिची बहीण, पुतणे. मी ठरवलं होतं, सगळ्यांसमोर रडायचं नाही. तर तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली. तो म्हणाला, 'बिघडली. दहा मिनिटं लागतील.' आणि माझ्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभा राहिला. काय सांगू तुम्हाला. मी रडलो हो. तिच्या चपला छातीशी धरून रडलो, आवाज काढून. त्यानं मागं वळून बघितलं नाही. मग दहा मिनिटांनी लिफ्ट सुरू झाली आणि मी कोरड्या डोळ्यांनी बाहेर आलो. आणि पुढं मी काय केलं असेल? विचारा ना! तेराव्या दिवशी येऊन तक्रारवहीत तक्रार लिहिली. छान वळणदार अक्षरात. 'लिफ्टची देखभाल नीट होत नाही, दुःखाच्या प्रसंगी नातेवाइकांचा खोळंबा होतो.' खाली सही. त्याला मेमो मिळाला. त्यानं घेतला गुपचूप. पुढं वर्षभरानं त्याच खाणावळीत लिफ्टचा मेकॅनिक माझ्या शेजारी जेवायला बसला. मी सहज काढली गोष्ट. तो म्हणाला, 'ती लिफ्ट? बारा वर्षांत एकदाही बिघडली नाही ती. तो मधेच थांबवायचा. कुणी तसं माणूस असलं की.' माझा घास हातातच राहिला. तसाच उठलो, लिफ्टपाशी गेलो. म्हटलं, अरे बोलला का नाहीस? तर म्हणतो, 'तुमचं अक्षर चांगलं होतं.' एवढंच! तेव्हापासून दोस्ती. आता सांगा, त्यानं खोली करायला घेतली तर मी हात आखडता घेईन?

कसले पैसे काढताय, चहा माझ्याकडून... अहो, पडलं काहीतरी तुमचं. थांबा, मी देतो. हे... हे पिवळं कार्ड आहे. बदललं नाही म्हणजे अजून, तसंच पिवळं. 'सोबतीचा पास.' चौथा मजला.

कोण आहे? आई? किती दिवस? आणि झोपता कुठं — जिन्याखाली? सलग अकरा रात्री! आणि मी मघापासून... बायकोनं बाहेर काढलं म्हणालो मी तुम्हाला. झोळीवरून चेष्टा केली. ती पिशवी आईसाठी ठेवलीत ना? पातळ गादी, गुंडाळता येईल अशी. अहो, मला कळायला हवं होतं! सगळ्या जगात मलाच कळायला हवं होतं. नाही, हसू नका, माझं समाधान करायला हसू नका. तिकीट परत घ्या आधी. घ्या. नाही घेणार? बरं, तुमच्या मर्जीनं होऊ द्या.

मग आता मी सांगतो तसं करायचं. उठा. पलीकडचं ते हिरवं दार दिसतंय? तीच खोली. आठ खाटा आहेत आणि एका खाटेवर गादी आहे. एकच आहे. माझ्या घरची. घरी दोन होत्या आणि झोपणारा एक. लिफ्टवाल्याला सांगितलं, जुनी आहे, फेकणारच होतो. खोटं सांगितलं. दर रविवारी उन्हात घालत होतो मी ती. काल रात्री आणून टाकली. तिच्यावर झोपायचं. उपकार वगैरे म्हणू नका, मला ऐकायचं नाही. चारला अधीक्षकबाई येतील. त्यांना खोली वापरात दिसायला हवी ना? तुम्ही घोरत पडलात तर लिफ्टवाल्याची खोली वाचेल. कुणी हाक मारली तरी उठायचं नाही, कळलं? बूट खाटेखाली काढून ठेवा, दिसतील असे. दाराशी एक माणूस स्टुलावर बसला असेल. तो तुमचं नाव विचारणार नाही. मजला विचारेल. तेवढा सांगा.

आई? आईपाशी मी बसतो दोन वाजता. आणा तो पास इकडे. थर्मास पण द्या. पावाच्या कडा दुधात बुडवून चालतात का त्यांना? ठीक आहे. विचारलं कोण, तर सांगेन, गाद्यांच्या सेलवाला आहे, तुमच्या मुलाला एक विकली. मी बोलायला लागलो की झोप येते, त्यांना बरंच होईल. हो, जाईन वर. तेव्हापासून गेलो नाही, हे खरं आहे. पण आता बटण मलाच दाबायला लागणार, दाबून द्यायला कोणी नाही... असे बघत उभे राहू नका हो माझ्याकडे. जा. झोपा जा.