सांगरी लागलीय का?

(जैसलमेरकडचं एक गाव. देवीच्या ओरणातलं, म्हणजे तिच्या नावानं राखलेल्या रानातलं, पूजेचं ठाणं. ऊन कलतंय.)

महिदान : सही करायला एवढा वेळ? सकाळपासून तोच फोटो बघतेयस. नवरा पसंत करताना तरी इतकं निरखलं होतंस का?

सायर : तेव्हा निरखलं असतं तर बरं झालं असतं. गप बस जरा, भाई.

हिंगोळदान : ठाण्यापुढे भांडू नका रे. पोरी, मला पुन्हा एकदा नीट सांग. तू पाखरांची मास्तरीण. जोधपूरचे साहेब तुझ्याशिवाय कुणाचं मानत नाहीत. तू म्हणालीस माळढोक खरा, की उद्या समिती इथे येणार आणि कंपनीचे विजेचे खांब ओरणातून हलणार. तू म्हणालीस खोटा, की खड्डे खणायला सुरुवात. असंच ना?

सायर : असंच, काकोसा.

महिदान : मग घोडं अडलं कुठं? माळढोक दिसला, मी फोटो काढला. संपलं!

सायर : काकोसा, ओरणात माळढोक शेवटचा कधी दिसला होता?

हिंगोळदान : माझे डोळे धड होते तेव्हा. महिदानच्या लग्नाच्याही आधी.

सायर : आणि आता नेमका सुनावणीच्या तोंडावर येतो. बरं, येतो तो येतो, वर गळ्याची पिशवी सोडून, शेपूट पाठीवर घेऊन नाचतो!

महिदान : देवीनं पाठवला त्याला.

सायर : मागच्या साली पलीकडच्या गावालाही देवीनंच पाठवला होता. त्या फोटोत झाडाची सावली एकीकडे, पाखराची दुसरीकडे. मी खोटा म्हणाले आणि त्यांचं कुरण गेलं. त्या गावात आजही मला कुणी पाणी विचारत नाही.

महिदान : आता आमच्याही घरचं पाणी सोडायचंय वाटतं.

सायर : माझी आई राहते या गावात! भीती वाटतेय मला, कळतंय का तुला? खोटा निघाला तर मी कुठल्या तोंडानं तिच्या दारात उभी राहू?

हिंगोळदान : रागावू नकोस गं. बघ, शांतपणे बघ. आणि बघतेस ते मलाही ऐकव. या मोतीबिंदूनं मला सगळं ताक घुसळल्यागत दिसतं.

सायर : सावली ठीक आहे, काकोसा. पाखराची नि झाडाची एकाच बाजूला पडलीय. पायाची बोटं वाळूत रुतलीत. पिसांच्या कडेनं कातरल्याची खूण नाही.

हिंगोळदान : मान?

सायर : पांढरीशुभ्र, फुगलेली. पिशवी पार जमिनीला टेकायला आलीय.

हिंगोळदान : आणि डोक्यावर काळी टोपी?

सायर : आहे. जरा मागे गेलीय, लग्नात नाचून दमलेल्या नवरदेवाच्या मामासारखी.

हिंगोळदान : वा रे माझ्या राजा! आलास ना परत! मला वाटलं होतं, तुला न बघताच जाणार मी.

महिदान : रडू नका, काकोसा. सायर, आता तरी बोल की.

सायर : पाखरू खरं आहे. चिकटवलेलं नाही. मी सकाळपासून खोट शोधतेय, सापडली नाही.

महिदान : हे घे पेन.

हिंगोळदान : थांब रे, पळून जात नाही ती. पोरी, नाचतोय कुठल्या झाडाखाली?

महिदान : ही ठाण्यामागची थोरली खेजडी, काकोसा.

हिंगोळदान : माझी खेजडी! मग सांगरी लागलीय का गं? वैशाख आला, पण यंदा कुणी मूठभर शेंगा आणून दिल्या नाहीत मला. फोटोत तरी बघ, लोंबत असतील.

सायर : थांबा, फोटो जरा जवळ घेते.

हिंगोळदान : सायर? सांगरी लागलीय का?

सायर : नाही, काकोसा.

हिंगोळदान : एकही नाही? असं कसं? ठाण्यावर झुकलेली ही फांदी चाचपतोय मी, हाताला तर घोसचे घोस लागतायत.

महिदान : फोटो जरा आधीचा असेल.

सायर : परवाचा म्हणाला होतास.

महिदान : अगं, परवाचाच. उन्हात शेंगा दिसत नाहीत, एवढंच.

सायर : भाई, या झाडाला शेंगा लागूच शकत नाहीत. हे छाटलेलं आहे. बकऱ्यांना पाला हवा म्हणून थंडीत छाटतात तसं. बुंध्यावर नुसते झाडूसारखे नवे फुटवे आहेत. मी पाखराकडेच बघत बसले, झाडाकडे बघितलंच नाही.

हिंगोळदान : छाटलेलं? ओरणात? इथे दातणाची काडी कुणी मोडत नाही! दुष्काळात जनावरं मेली, पण माझ्या बापानं या रानातल्या फांदीला हात लावू दिला नाही.

सायर : म्हणून तर हे ओरण नव्हे. फोटोच्या कडा का कापल्यास, भाई?

महिदान : पक्षी मोठा दिसावा म्हणून.

सायर : मूळ फोटो दाखव.

महिदान : घरी आहे.

सायर : कॅमेरा गळ्यात आहे तुझ्या.

हिंगोळदान : दे तिला, महिदान. दे म्हणतो ना!

महिदान : घ्या! बघा काय बघायचं ते!

सायर : पाण्याचं टाकं. कठडा फुटलेलं. भाई, या कठड्यावरून उडी मारताना तुझा दात पडला होता. आणि ही आपल्या झोक्याची खेजडी. हे तुमचं शेत आहे.

हिंगोळदान : मग त्यात लपवायचं काय होतं? आपल्याच शेतात माळढोक नाचला, साखर वाटायची सोडून…

सायर : टाक्याच्या अलीकडे एक खुंटी ठोकलीय, काकोसा. तांबड्या डोक्याची. कंपनीची.

हिंगोळदान : महिदान?

महिदान : आधी सही होऊ दे, काकोसा.

हिंगोळदान : मी विचारतोय!

महिदान : हो, दिलं! दिलं शेत कंपनीला! चार सालं गवार पेरली, दोनदा उगवलीच नाही, एकदा टोळांनी खाल्ली. आसपासच्या सगळ्यांनी दिली जमीन, मी एकट्यानंच वाळू चाटत बसायचं?

सायर : आणि धरण्यात सगळ्यांत पुढे तू! ‘ओरण वाचवा’ म्हणून घसा कुणाचा बसला होता?

महिदान : माझाच, आणि मनापासून बसला होता. ओरण देवीचं आहे, शेत माझं. देवीचं राखलं आणि माझं विकलं, यात खोटं काय आहे?

सायर : खोटं फोटोत आहे.

महिदान : पाखरू खरं, तूच म्हणालीस. एक कोस इकडचं तिकडे, एवढंच. कर सही! ओरण वाचेल, काकोसांची खेजडी वाचेल, तुझ्या आईच्या शेळ्या चरतील. कुणाचं काय बिघडतं?

सायर : पाखराचं. नर नाचतोय म्हणजे मादी जवळपास असणार, तिथेच कुठे उघड्यावर अंडं घालणार. आणि तिथेच तुझे खांब. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, भाई. उडताना समोरचं दिसत नाही त्याला. तार दिसेपर्यंत धडकलेला असतो.

हिंगोळदान : म्हणजे आपल्या महिदानसारखंच. कडेचं सगळं दिसतं, नाकापुढचं दिसत नाही.

महिदान : मारा टोमणे. पण खरी जागा लिहिलीत तर ओरणासाठी हातात काय राहतं? धुपाटणं!

सायर : कोसभर तर अंतर आहे. पाखरू इथेही चरायला येत असेल. समिती शेतावर आली तर मी तिला इथवर चालत आणीन, भांडेन. पण ओरण वाचेलच असं वचन देत नाही. खोटी सही मात्र करणार नाही. उद्या एकानं जरी झाड ओळखलं तर पाखरूही गेलं, ओरणही गेलं.

महिदान : आणि माझं शेत?

सायर : करार नोंदवलास?

महिदान : आखा तीजेच्या सणानंतर नोंदणी आहे.

सायर : मग अजून तुझंच आहे.

महिदान : काकोसा, तुम्ही बोला ना काहीतरी. शिव्या द्या हवं तर.

हिंगोळदान : शिव्या देऊन काय होणार? हे ओरण कसं झालं ठाऊक आहे तुला? तू म्हणतोस देवीचं. देवीनं कुठे मागितलं होतं? आपल्याच एका पूर्वजाचं शेत होतं हे. एके सकाळी तो दुधाची घागर घेऊन निघाला नि शेताभोवती धार सोडत फिरला. धारेच्या आत पुन्हा नांगर नाही, कुऱ्हाड नाही. झालं ओरण.

महिदान : आणि नंतर त्यानं खाल्लं काय?

हिंगोळदान : ते कुणी सांगितलं नाही मला. उपाशीही राहिला असेल. म्हणून मी तुला कर म्हणत नाही. ज्याची जमीन, धार त्याच्याच हातची लागते. दुसऱ्यानं सोडली तर नुसतं दूध सांडतं.

सायर : भाई, जागेच्या रकान्यात काय लिहू?

महिदान : तो खुंटीभोवतीच नाचत होता, सायर.

सायर : काय?

महिदान : माळढोक. त्या तांबड्या खुंटीला मादी समजला बहुतेक, गाढव! फिरून फिरून तिच्यापुढे छाती काढत होता. आधी हसू आलं मला. मग तो घुमला. एवढा खोल आवाज, इथे पोटात लागला माझ्या. कॅमेरा गळ्यात आहे हेच विसरून गेलो. आणि मनात आलं, मीच ठोकून घेतलीय ती खुंटी.

हिंगोळदान : मग?

महिदान : मग फोटो काढला आणि कडा कापल्या.

सायर : ऊन उतरतंय, भाई. काय लिहू?

महिदान : थांब जरा. एक फोन करतो… हॅलो. ऐकतेयस ना? नाही, अजून ठाण्यावरच आहे. हे बघ, पहाटेचं दूध विरजू नकोस. सगळं तसंच घागरीत ठेव. नाही गं, पाहुणे नाहीत कुणी. मला शेतावर न्यायचंय.